लाल वही

आमच्या मेडिकलच्या काउंटरखालच्या खणात एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही असते. किराणा दुकानात उधारी मांडायला वापरतात तसली, उभट. तिच्यात उधारी नाही. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या नेणाऱ्या माणसांची नावं आहेत, प्रत्येकाला दोन पानं. वर नाव, गाव, घरातल्या दोघांचे फोन. खाली रोजची मात्रा, कधी किती गोळ्या नेल्या, त्या कोणत्या तारखेला संपतील. आज वहीत अकरा माणसं आहेत. बीपीच्या गोळ्या नेणारी शेकडो माणसं दुकानात येतात, त्यांची अशी वही मी ठेवत नाही. त्यांची गोळी दोन दिवस चुकली तर ते वाईटच, पण बहुतेकदा निभावतं. या अकरा जणांची दोन दिवस चुकली आणि त्यात ताप किंवा जुलाब लागले, तर माणूस हातचा जाऊ शकतो.

ही वही सांगलीतली. पण ती धरायला मला साताऱ्यात शिकावं लागलं, आणि तेही माझ्या हातून चूक होऊन.

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. डी. फार्म. करून १९९७ साली मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका मेडिकलमध्ये कामाला लागले. सकाळी गावातून एसटीने यायचं, संध्याकाळी शेवटच्या गाडीने परत. जावळी, पाटण, कोयनेच्या खोऱ्यातली माणसं बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला साताऱ्यात यायची आणि परतीच्या गाडीआधी मेडिकलमध्ये डोकवायची. त्यांच्यातली म्हातारी माणसं पुष्कळदा कमरेच्या पिशवीतून वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी काढायची. आत तीन-चार सुट्या गोळ्या. एक मोठी पांढरी, एक पिवळी, आणि एक अगदी बारकी, मोहरीपेक्षा थोडी मोठी. नाव नाही, स्ट्रिप नाही. हजार गोळ्यांच्या डब्यातून मोजून दिलेल्या. "गुडघ्याच्या हायत, ह्याच दे आणिक," म्हणायची.

मोठी गोळी वेदनाशामक असायची. ती बारकी असायची स्टेरॉइड, डेक्सामेथासोन नाहीतर बीटामेथासोन. तिचा लहानपणा फार फसवा असतो. बीटामेथासोनची एक गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची. निरोगी शरीर दिवसभरात जेवढं कॉर्टिसॉल स्वतः तयार करतं, जवळजवळ तेवढं काम ती एकटी करते. आणि पुडीतून दिवसाला तीन-तीन जायच्या. गुडघा दोन दिवसांत मऊ पडायचा, भूक लागायची, म्हातारी पुन्हा रानात जायला लागायची. त्या औषधाची ख्याती गावोगाव पसरली यात मला नवल वाटत नाही.

जावळी तालुक्यातल्या एका आजी आठ वर्षं अशी पुडी घेत होत्या. चेहरा वाटोळा, गाल लालसर, हातपाय मात्र काटक्या. मनगटावर, पोटऱ्यांवर करवंदाचा रस सांडावा तसे जांभळे डाग. मी नुकतीच कॉलेजातून आलेली, पुस्तकातलं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि मनापासून सांगितलं, "आज्जी, ह्यात स्टेरॉइड आहे. हाडं पोकळ होतात, साखर वाढते. हे विष आहे बघा. आजच्या आज बंद करा." त्यांनी पुडी माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून घरी जाताना, आपण एका माणसाचं भलं केलं असं मला वाटत होतं.

तीन आठवड्यांनी त्यांचा नातू धापा टाकत दुकानात आला. "ताई, आज्जी डोळं उघडंना. दोन दिस जुलाब झालं, आता निपचित पडलीया. डॉक्टर इचारायलेत कुठल्या गोळ्या चालू हुत्या."

मी दुकान सहकाऱ्यावर सोडून त्याच्याबरोबर गेले. आजींचा रक्तदाब लागत नव्हता, साखर फार खाली गेली होती. रात्रपाळी संपवून घरी निघालेला एक तरुण डॉक्टर थांबला होता. मी पुडीतल्या बारक्या गोळीबद्दल सांगितलं, आठ वर्षं सांगितलं, आणि मीच बंद करायला लावली हेही सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने सिस्टरांकडून हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मागवलं. सलाईन चालू होतं ते जोरात सोडलं, ग्लुकोज दिलं. संध्याकाळी मी पुन्हा गेले तेव्हा आजी उशीला टेकून बसल्या होत्या आणि चहा मागत होत्या. सुनेला सांगत होत्या, साखर जास्त घाल.

त्या डॉक्टरने मला व्हरांड्यात नेऊन समजावलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, तुमचं अर्धं बरोबर होतं. घरात रोज बाहेरून डबा यायला लागला तर चूल कोण पेटवील? आठ वर्षं यांच्या घरात चूल पेटलेली नाही. लाकडं ओली झाली, फुंकणी गंजली. तुम्ही एका दिवसात डबा बंद केलात.

पुस्तकात मी हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, अधिवृक्क म्हणतात त्यांना. एकेकीचं वजन चार-पाच ग्रॅम. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका त्यांना हुकूम सोडते आणि त्या कॉर्टिसॉल बनवतात. पहाटे जास्त, म्हणून माणूस अंथरुणातून उठू शकतो. मध्यरात्री सगळ्यात कमी. ताप आला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं की निरोगी शरीर आपण होऊन कितीतरी जास्त बनवतं. रक्तदाब टिकतो तो त्यावर, उपाशीपोटी साखर टिकते तीही त्यावर. बाहेरून स्टेरॉइड महिनाभराहून जास्त मिळत राहिलं की पीयूषिका हुकूम सोडायची थांबते आणि ग्रंथी आक्रसतात. त्यांना पुन्हा कामाला लावायचं तर मात्रा पायरी-पायरीने उतरवावी लागते. कधी काही महिने, कधी वर्ष. हे सगळं मला येत होतं. समोर बसलेल्या आजींना ते लागू करायचं सुचलं नाही.

त्यांची मात्रा उतरवायला चौदा महिने लागले. दर पंधरवड्याला त्या यायच्या आणि मी डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे गोळ्या मोजून, पाव-पाव कापून, वाराप्रमाणे कागदांत बांधून द्यायचे. पुडीला पुडीनेच उतारा चालला होता. पहिली नोंद मी तेव्हा केली, बिलाच्या कोऱ्या पाठीवर. त्या नंतर पुष्कळ वर्षं जगल्या. गुडघा शेवटपर्यंत दुखत राहिला आणि त्यावर मी त्यांना फार काही देऊ शकले नाही.

२००४ साली आम्ही सांगलीत आलो आणि मारुती चौकापासून हाकेच्या अंतरावर स्वतःचं दुकान टाकलं. घर विश्रामबागेत. इथे माझ्याकडे दुसऱ्या तऱ्हेची माणसं यायला लागली, कारण शेजारी मिरज. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उघडल्यापासून कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं उपचाराला मिरजेत येतात. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वॉन्लेसवाडीला नाव मिळालं ते त्यांचंच, आणि तिथे क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम होतं. हे सांगायचं कारण, अधिवृक्क ग्रंथीच निकामी होण्याच्या आजाराचं आणि क्षयाचं नातं फार जुनं आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं. त्या काळात त्याचं मोठं कारण क्षय हेच होतं. पुढे श्रीमंत देशांत क्षय मागे पडला आणि शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतं हे कारण पुढे आलं. आपल्याकडे क्षय अजून गेलेला नाही. ग्रंथीत तो गुपचूप बसतो आणि नव्वद टक्के ग्रंथी खाऊन झाल्यावर माणूस पडतो.

तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार २०११ च्या हिवाळ्यात मिरजेच्या फिजिशियनांची चिठ्ठी घेऊन आले. वय चौतीस. एकाच चिठ्ठीवर क्षयाची औषधं, हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन. मागची दोन वर्षं ते वाळत चालले होते आणि काळे पडत चालले होते. बागेत उन्हातान्हात फवारणी करणाऱ्या माणसाच्या काळेपणाकडे कोण बघणार? त्यांनी माझ्यापुढे हात उघडला तेव्हा तळव्यावरच्या रेषा शाईने गिरवल्यासारख्या दिसत होत्या. हिरड्यांवर जांभळे-काळे पट्टे. लहानपणी कोयत्याने झालेल्या जखमेचा व्रणही काळा पडलेला. ऊन हिरडीला लागत नाही. ग्रंथी काम देत नाही म्हणून पीयूषिका जास्त जास्त हुकूम सोडत राहते, आणि त्याच हुकुमाने कातडीतला रंगही वाढतो.

त्यांच्या पत्नीने सांगितलेली गोष्ट मला जास्त लक्षात राहिली. "ह्यांनी लोणच्याची बरणी सोडली न्हाई, ताई. फोड ऱ्हाऊ द्या, नुसता खार वाटीत घेऊन प्यायचे. रात्री उठून मीठ चाटायचे. सासूबाई म्हणायच्या, ह्याला काय डोहाळे लागल्यात काय." शरीरातून मीठ वाहून जात होतं आणि जीव ते मागत होता. घरात एकालाही त्यात आजार दिसला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मीसुद्धा ओळखलं नसतं.

महिन्याभराने ते दुकानात आले ते भिंतीला धरून. दोन दिवस उलट्या. मी गोळ्यांचा हिशेब विचारला तर खिशातून अर्धी भरलेली स्ट्रिप निघाली. कुणी नातेवाइकाने सांगितलं होतं, स्टेरॉइड आहे, हाडं झिजतील, किडनी जाईल, कमी घे. त्यांनी मात्रा निम्मी केली होती. त्यात क्षयावरचं रिफाम्पिसिन चालू. हे औषध यकृताला कॉर्टिसॉल भराभर जाळायला लावतं, म्हणून फिजिशियनांनी मुद्दाम जास्त मात्रा लिहिली होती. निम्म्यातलंही शरीराच्या वाट्याला पुरतं येत नव्हतं.

साताऱ्याच्या आजींना मी ज्या शब्दांत घाबरवलं होतं, तेच शब्द दुसऱ्या कुणीतरी यांना सांगितले होते.

त्यांना रिक्षात घालून मिरजेला पाठवलं. आठवड्याने बरे होऊन आले तेव्हा दुपारी दुकान अर्धं बंद करून मी त्या दोघांना आत बसवलं आणि आजींची सगळी गोष्ट सांगितली. मग सांगितलं, तुमची ही गोळी औषध म्हणून धरू नका. तुमच्या शरीरानं जे रोज बनवायला हवं तेच आपण बाहेरून देतो, तेवढंच देतो. जास्त दिलं तर आजींसारखं होतं. कमी दिलं तर तुमचं झालं तसं होतं. तुमच्या बागेला पाणी किती द्यायचं हे तुम्ही मला सांगाल, हे तुम्हाला डॉक्टर सांगतील, आणि मधे कुणाचं ऐकायचं नाही. ते मान खाली घालून म्हणाले, "म्हंजी ही जन्मभर?" मी हो म्हटलं. पत्नी म्हणाली, "जन्म तर हाय न्हवं."

त्या संध्याकाळी मी लाल वही आणली.

या आजारात रोजचं जगणं घड्याळाला बांधलेलं असतं. क्षयाचा कोर्स संपल्यावर त्यांची मात्रा दिवसाला वीस मिलिग्रॅमवर आली: सकाळी दहा, दुपारी पाच, चारच्या सुमाराला पाच. रात्री घ्यायची नाही, झोप उडते. पण बागायतदाराची सकाळ डॉक्टरांच्या सकाळसारखी नसते. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाच्या भीतीने पहाटे साडेचारला फवारणीचा ब्लोअर सुरू करणाऱ्या माणसाने आठ वाजता गोळी घेतली तर मधले तीन-चार तास तो रिकाम्या टाकीवर चालतो. हे त्यांनी सांगितलं, मी चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं, आणि फिजिशियनांनी वेळा बदलून दिल्या. आता उशाला तांब्या आणि गोळी असते. डोळा उघडला की आधी गोळी, मग पाच-दहा मिनिटांनी उठायचं. फ्लुड्रोकॉर्टिसोन मीठ धरून ठेवतं, तरी चैत्रातल्या उन्हात, खरड छाटणीच्या वेळी, ते ताकात मीठ घालून पितात. ताप आला तर मात्रा दुप्पट, जास्त ताप असेल तर तिप्पट, उतरला की परत मूळ. उलटी होऊन गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शन, आणि थेट दवाखाना. फिजिशियनांनी लिहून दिलेले हे नियम मी मोठ्या अक्षरांत काढून त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला दिले.

सगळ्यात जास्त मला विचारतात ते उपवासाचं. आषाढी, महाशिवरात्र, नवरात्र. "ताई, उपासाला गोळी चालती का?" काही जणी न विचारताच सोडतात, आणि दशमीला ठीक असलेली बाई द्वादशीला दवाखान्यात असते. मी पहिल्याच भेटीत सांगते: विठोबाला तुमची गोळी चालते. उपवास करायचाच तर डॉक्टरांना विचारून, सैंधव घालून वरई-भगर खाऊन करा, पण कोरडा नको. वारीला जाणाऱ्या एका काकांना मी लोणंद, फलटण, नातेपुते असे मुक्काम मांडून त्या-त्या दिवसाच्या गोळ्या बांधून दिल्या होत्या. पंढरपूरहून परत आले तेव्हा सगळे कागद रिकामे, आणि माझ्यासाठी बुक्का.

वहीतलं तिसरं नाव एका बाईंचं आहे. भिलवडीच्या बाजूच्या, कृष्णाकाठच्या एका गावातल्या. बागायतदार काळे पडत गेले, या पांढऱ्याफटक होत्या. दुसऱ्या बाळंतपणात फार रक्त गेलं होतं. गरोदरपणी पीयूषिका मोठी झालेली असते, अशा वेळी रक्तदाब एकदम कोसळला तर त्या ग्रंथीला रक्त पुरत नाही आणि ती मरते. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. बाळाला दूध आलं नाही. पाळी पुन्हा आलीच नाही. थंडी सहन होईना, काखेतले केस गेले, भांड्यांची पाटी उचलली की चक्कर. बारा वर्षं. या बारा वर्षांत त्यांना आळशी म्हणून झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, बाहेरचं बघून झालं. मग एका ठिकाणी थायरॉइड कमी आहे म्हणून नुसती थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि त्या आणखी खचल्या, कारण थायरॉइड शरीराची गती वाढवतं आणि त्या गतीला लागणारं कॉर्टिसॉल अंगात नव्हतं. आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉइड, हा क्रम चुकला की माणसाच्या जिवावर बेततं. शेवटी मिरजेत सकाळी आठची कॉर्टिसॉलची तपासणी झाली आणि उलगडा झाला. हायड्रोकॉर्टिसोन सुरू होऊन आठवडा झाला असेल, त्या नवऱ्याबरोबर दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "काल मी विहिरीवरनं दोन घागरी आणल्या. वाटंत कुठं टेकले न्हाई." बोलताना दोघंही रडत होते. मीही.

बाळंतपणात रक्त गेलेल्या, दूध न आलेल्या, पाळी थांबलेल्या बाईला थकवा येतो तेव्हा तिचं कॉर्टिसॉल तपासा, हे मला प्रत्येक आशाताईला सांगावंसं वाटतं. भेटतील त्यांना मी सांगतेच.

या गोळीची आणखी एक अडचण आहे, ती धंद्यातली. ती फार कमी खपते. स्टॉकिस्ट म्हणतो, "ताई, हा माल फिरत नाही, एक्सपायरीला जातो." त्यामुळे तालुक्याच्या दुकानात ती मिळत नाही, आणि कधीकधी जिल्ह्यातही महिनाभर येत नाही. प्रेडनिसोलोन मात्र कुठेही मिळतं. वीस मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या जागी पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, असा ढोबळ हिशेब डॉक्टर मांडतात. म्हणून मी प्रत्येकाच्या पानावर फिजिशियनांकडून तोही आकडा लिहून घेतलाय: हायड्रोकॉर्टिसोन मिळालंच नाही तर काय, किती. आणि दोन महिन्यांचा साठा घरी ठेवायला लावते. त्यावरून काही जण रागावतात, पैसे अडकतात म्हणतात. मी हट्ट सोडत नाही.

त्या हट्टाचा उपयोग २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाला. २००५ च्या महापुराची खूण आमच्या दुकानाच्या भिंतीवर होती. पाणी तिच्यावर जाणार नाही, असं आख्खी पेठ धरून चालली होती. मी माल खुणेच्या वर फळ्यांवर चढवला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४५ फुटांना धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. खूण बुडाली, फळ्या बुडाल्या. दुकानातून निघताना मी एकच खोकं रिक्षात घातलं होतं. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, हायड्रोकॉर्टिसोन, आणि वही.

विश्रामबागेत घरी बसून मी एकेक पान उघडून फोन लावत होते. भिलवडीकडच्या बाईंच्या पानावर तारीख होती, चार दिवसांनी संपणार. फोन लागला तेव्हा कळलं, घर पाण्यात गेलंय, सगळे गावच्या उंचावरच्या शाळेत आहेत, गोळ्यांचा डबा घरात राहिला. पदराच्या गाठीत दोन दिवसांच्या आहेत. नवरा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून बोलत होता. माझ्याकडे गोळ्या होत्या, पण त्यांच्यापर्यंत जाणार कशी? मग मी तासगावला बागायतदारांना फोन केला. "तुमच्याकडे किती आहेत?" ते म्हणाले, "तुम्ही सांगितल्यात तेवढ्या हायत की, दोन म्हैन्याच्या."

ते मोटारसायकलवरून, पाणी आलेले रस्ते टाळत, पलूसला गेले. दोन स्ट्रिपा प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेल्या, वर मार्करने बाईंचं नाव. काठावर बोटीतून मदत नेणाऱ्या पोरांच्या हाती ती पुडी दिली. ८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कुणाची तरी पोरं मी पाण्यात पाठवली होती. ती बोट दुसरी होती. तरी ते दुःख अजून जात नाही. पुडी आदल्या दिवशीच पोचली होती. शाळेच्या वर्गात, बाकावर बसून त्या बाईंनी गोळी घेतली. त्या आणि बागायतदार एकमेकांना तोवर भेटलेले नव्हते. पुढच्या भाऊबीजेला त्या तासगावला गेल्या. अजून जातात.

महापुरानंतर मी ओल्या दुकानात पहिल्यांदा कार्डं केली. हाताने लिहून, लॅमिनेट करून. "माझ्या शरीरात कॉर्टिसॉल तयार होत नाही. मी बेशुद्ध असलो किंवा सारख्या उलट्या होत असल्या तर आधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्या, सलाईन लावा, मग बाकीचं." पुरुषांनी पाकिटात, बायकांनी पर्समध्ये नाहीतर मंगळसूत्राच्या डबीत ठेवायचं. १०८ च्या गाडीवरचा डॉक्टर अनोळखी असतो, अपघातात नातेवाईक बरोबर नसतात. तेव्हा हे कार्ड बोलतं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, डेक्सामेथासोन घराघरात गेलं. ते औषध खरोखर जीव वाचवत होतं, ऑक्सिजन लागलेल्यांचे. सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. पण चिठ्ठीचे फोटो एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर फिरत होते आणि साधा खोकला असलेली माणसं पाच-पाच आठवडे ते घेत होती. काउंटरवर मी नाही म्हणत होते, आणि आधीच महिनाभर घेऊन झालेल्यांना "एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरांना फोन लावा" असंही सांगत होते. एका दिवसात दोन्ही वाक्यं किती वेळा बोलले त्याची मोजदाद नाही.

त्याच वर्षी बागायतदारांच्या पत्नीने इंजेक्शन शिकायचं ठरवलं. कोविडमुळे रात्री कुठल्या दवाखान्यात घेतील याचा भरवसा नव्हता. आमच्या ओळखीच्या एक सिस्टर दुकानात आल्या. बाटलीत पांढरी पावडर असते, तिच्यात दोन मिलिलिटर पाणी सोडायचं, हलवायचं, ओढून घ्यायचं, हवा काढायची, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध टोचायचं. त्यांनी मोसंबीवर शिकून घेतलं. पहिल्या तीन मोसंब्यांना सुई तिरकी गेली. चौथीला सरळ. मग त्या म्हणाल्या, "परत दाखवा," आणि आणखी सहा केल्या. दुकानभर मोसंबीचा वास सुटला होता. पेटी मी बांधून दिली: बाटली, पाणी, दोन सिरिंज, कापूस, आणि वर मार्करने एक्सपायरी.

दोन वर्षं ती पेटी उघडावी लागली नाही. मग एका जानेवारीत, माल तोडणीला आलेला असताना, पहाटे दोनला बागायतदारांना उलट्या सुरू झाल्या. गोळी ठरेना. तिसऱ्या उलटीनंतर ते बोलेनासे झाले. गाडी येईपर्यंत पाऊण तास. मुलाने मोबाइलची बॅटरी धरली आणि पत्नीने लुंगी वर करून मांडीत इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सांगलीला आल्या, नवऱ्याला मिरजेत सलाईन चालू होतं. काउंटरवर त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत रिकामी बाटली, धुऊन पुसलेली.

"ही संपली, ताई. दुसरी द्या."

"हात थरथरला का?"

"लई. पर मोसंबीगत सरळच गेली."

मी फडताळातून नवी बाटली काढली, उजेडात धरून एक्सपायरी वाचली आणि वही उघडली. त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि ती तारीख मला मोठ्याने वाचायला लावली, दोनदा.